दिवा दिसू नये, उजेड दिसावा

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास एकदा गच्चीवर जा आणि समोरच्या इमारतीकडे पाहा. चार मजले, सोळा बिऱ्हाडे आणि सोळाही बिऱ्हाडांच्या खिडक्यांतून एकच पांढराफटक उजेड! कुठे जेवणे चालली आहेत, कुठे मुले अभ्यासाला बसली आहेत, कुठे पाहुणे आले आहेत, कुठे आजारी माणूस पडून आहे, उजेडावरून काही म्हणता काही कळायचे नाही. दवाखान्यात जो उजेड, तिकिटाच्या खिडकीपाशी जो उजेड, तोच दिवाणखान्यात आणि तोच देवघरात. दाराच्या चौकटीवर चार फूट लांबीची पट्टी बसवलेली असते, बटण दाबले की खोलीचा कोपरान्‌कोपरा सारखा उजळून निघतो आणि आपण समाधानाने म्हणतो, "वा! काय लख्ख उजेड आहे!"

या 'लख्ख' शब्दाशी माझे जरा भांडण आहे. दिवाळी आली की आपण घराला रंग काढतो, पडदे बदलतो, गाद्यांना नवे अभ्रे शिवतो. पण ज्या उजेडात हे सारे दिसायचे, त्याचा विचार कोणी करीत नाही. तो वायरमनच्या हाती. आणि वायरमन दिवा कुठे लावतो? जिथवर वायर आलेली असते तिथे!

माझे माहेर कोकणातले. मी सहावीत जाईपर्यंत आमच्या घरात वीज नव्हती. तेव्हा दिव्यांना आपापली नावे होती, तशी आपापली कामेही होती. चुलीपाशी चिमणी, ओटीवर कंदील, देवापुढे समई, माजघराच्या कोनाड्यात दिवली. लग्नकार्य असले म्हणजे फुसफुसणारी गॅसबत्ती भाड्याने यायची. तिला पंप मारण्याचा मान मामांचा! उजेड थोडा, म्हणून जिथे काम असेल तिथे तो उचलून न्यावा लागे. आजी तांदूळ निवडायला बसली की कंदील तिच्या सुपाशेजारी. आम्ही अभ्यासाला बसलो की तोच कंदील चौघांच्या मधोमध. जेवणे झाली की तो मागल्या दारी. सबंध घर उजळावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

त्या काळाचे गोडवे गायला मात्र मी बसलेली नाही. रॉकेलचा वास, काजळीने काळ्या झालेल्या नाकपुड्या, रोज संध्याकाळी राखेने घासायच्या त्या काचा, पाणी येणारे डोळे आणि चिमणी उलटून भाजलेल्या बायका हेही सगळे पाहिलेले आहे. वीज आली तेव्हा आजीने बटणाला हळदकुंकू लावले होते, आणि ते योग्यच होते. पण विजेबरोबर एक गोष्ट हातची गेली. दिवा माणसापाशी येत असे. आता माणसाला दिव्याखाली जाऊन बसावे लागते, आणि नेमका तिथे सोफा नसतो!

पुण्याला बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिले असेल. शाळेच्या सहलीत पाहिले असेल तर मोठेपणी पुन्हा एकदा पाहा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी वारलेल्या मुलाच्या नावाने ते उभे केले. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी जुन्या घरांतल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या, आणि त्यांत दिव्यांचा संग्रह फार मोठा आहे. भारतीय दिव्यांवर त्यांनी १९६१ साली एक ग्रंथही प्रसिद्ध केला. तिथल्या दिव्यांसमोर उभी राहिले की मी कलाकुसर थोडी बाजूला ठेवते आणि तो दिवा धरायचा कसा तेवढे बघते. कोणाला मूठ आहे, कोणाला साखळी आहे, कोणाला बैठक आहे. लामणदिवा वर-खाली करता यावा, समई जड बुडाची म्हणून कलंडू नये, हातातला दिवा बोटांत नीट बसावा, अशी प्रत्येकाची अक्कल त्याच्या घडणीत आहे. आपल्या भिंतीवरच्या पट्टीला एकच अक्कल: चालू आणि बंद.

आणखी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. हातात दिवा घेतलेली, जांभळट लुगड्यातली ती तरुण स्त्री. कित्येक घरांत तिची छापील प्रत लटकलेली असे, आणि बहुतेकांना ते चित्र राजा रविवर्म्याचे वाटते. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. १९४५-४६ च्या सुमारास, स्वतःच्या मुलीलाच समोर उभे करून त्यांनी ते जलरंगात काढले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या चित्राची सगळी जादू कशात आहे? तिने ज्योतीपुढे तळवा धरला आहे. ज्योत झाकली गेली, बोटांच्या कडा लालसर झाल्या आणि उजेड चेहऱ्यावर पडला. तो तळवा काढून घेतला तर आपले डोळे ज्योतीवरच खिळतील आणि चेहरा मागे काळोखात जाईल. वाऱ्यापासून दिवा जपायला आपल्या आया-आज्या हेच करीत, पण त्यांच्या नकळत दिव्याला शेडही लाभत होती. दिवा दिसू नये, उजेड दिसावा, हे घरगुती प्रकाशयोजनेचे अर्धे शास्त्र त्या एका तळव्यात आहे.

हेच एका परदेशी गृहस्थाने आकडेमोड करून सिद्ध केले. पोल हेनिंगसेन हे त्याचे नाव. जन्म १८९४, डेन्मार्कमधला. आई लेखिका. त्याचे बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेले आणि मग कोपनहेगनच्या घराघरांत विजेचे उघडे, डोळ्यांत घुसणारे बल्ब आले. त्याला ते सोसवेनात. बरीच वर्षे खटपट करून १९२६ च्या सुमाराला त्याने एक टांगता दिवा तयार केला. एकावर एक तीन वाडगी पालथी घातल्यासारखा त्याचा आकार. वाडग्यांचा बाक असा मोजूनमापून काढला की टेबलाभोवती कोणीही कुठेही बसले तरी बल्ब म्हणून दिसायचा नाही, आणि उजेड मात्र ताटावर, हातांवर आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पडायचा. तो दिवा आजही बनतो आणि त्याची किंमत ऐकून आमचे 'हे' खुर्चीतून उठून उभे राहिले होते! आपल्याला तो विकत घ्यायचा नाही. त्यातली युक्ती तेवढी घ्यायची, ती फुकट आहे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण या विषयात मी पडले ती तिच्यामुळे.

माझ्या सासूबाईंना आता ८३ वे चालू आहे. वाचनाचे वेड जबरदस्त. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, शब्दकोडे रोजचे, आणि दिवाळी अंकांचा तर फडशा! दोन वर्षांपूर्वी हळूहळू त्यांचे वाचन सुटत चालले. सकाळी खिडकीपाशी थोडेसे वाचायच्या. संध्याकाळ झाली की पुस्तक मिटून पलंगावर नुसत्या बसून राहायच्या. नातेवाईक म्हणाले, "वय झालं, आता गोडी राहत नाही कशात." त्या स्वतःही म्हणू लागल्या, "पुरे झालं गं वाचन. आता जपमाळ ओढावी." ज्या बाईने आयुष्यात जपमाळ हातात धरली नाही, तिच्या तोंडी हे वाक्य मला काही बरे वाटेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू आधीच काढलेला, चष्म्याचा नंबर बरोबर, पडदा वयाच्या मानाने ठीक. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर विचारले, "आजी, संध्याकाळी वाचता कुठे बसून? दिवा कुठे असतो?" पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर, वर, ट्यूब. म्हणजे पुस्तक उघडले की सासूबाईंच्या स्वतःच्याच डोक्याची सावली बरोबर पानावर.

डॉक्टरांनी मग जे सांगितले ते घरात म्हातारे माणूस असलेल्या प्रत्येकाने ऐकावे. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतले भिंग पिवळट, गढूळ होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मुलाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदू काढल्यावर भिंग नवे, स्वच्छ बसते, पण बाहुली वयाप्रमाणे लहान ती लहानच. म्हणजे नातू जिथे मजेत वाचतो तिथेच आजीला पान करडे दिसते, आणि नातू म्हणतो, "एवढा तर उजेड आहे!" दोघांचेही खरे असते. यावर खोलीत आणखी मोठी ट्यूब लावावी, तर तेही जमत नाही. कारण उतारवयात उघडा, झगझगीत दिवा समोर आला की डोळे जास्त दिपतात. उजेड हवा, पण पानावर हवा, डोळ्यांत नको.

इथे शाळेतले पदार्थविज्ञान उपयोगी पडते. दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो. आठ फुटांवरचा बल्ब चार फुटांवर आणा, चौपट. दोन फुटांवर आणा, सोळापट! म्हणून खांद्याशी आणलेला ७ वॅटचा लहानसा दिवा छताजवळच्या २० वॅटच्या पट्टीला सहज हरवतो. उजेड लक्समध्ये मोजतात. वाचायला, लिहायला ३०० ते ५०० लक्स असावा असे सर्वसाधारण मानले जाते. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलमधल्या ॲपवर मोजून पाहिला. अगदी प्रयोगशाळेतले माप नव्हे, पण अंदाज येतो. सासूबाईंच्या पुस्तकावर आकडा भरला ४०.

मग एक मान वळणारा, चिमट्याने अडकवायचा दिवा आणला. वरून पत्र्याची खोल टोपी, म्हणजे बल्ब आत दडलेला. पलंगाच्या कठड्याला डाव्या बाजूला लावला. त्यांच्या खांद्याच्या थोडा वर आणि थोडा पुढे. त्यात पिवळसर उजेडाचा ७ वॅटचा बल्ब घातला. आकडा ४५० च्या वर गेला. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर त्यांच्या खोलीत दिवा.

"आई, झोपायचं नाही का?"

"थांब गं, एवढं प्रकरण संपवते. खुनी कोण ते कळायला आलंय."

जपमाळ अजून आलेली नाही.

त्यानंतर मी घरातला एकेक दिवा तपासायला घेतला. पहिला बदलला तो ओट्यावरचा, कारण तिथे माझा स्वतःचा जीव अडकलेला! स्वयंपाकघरात ट्यूब बहुधा आपल्या पाठीमागच्या भिंतीवर असते. आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या राहतो आणि आपलीच सावली विळीवर, कढईवर, निवडायच्या डाळीवर पडते. तांदळातला खडा दिसायचा कसा? वरच्या फडताळाच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी, एक बारीक एलईडी पट्टी लावून घ्या आणि पुढून दोन बोटे रुंद लाकडी पट्टी मारा, म्हणजे ती डोळ्यांना दिसणार नाही. उजेड थेट ओट्यावर पडतो. हा खर्च मला सगळ्यांत जास्त फळला.

आमचा वायरमन चांगला आहे, पण मतांचा पक्का. म्हणाला, "काकू, एवढे बारके बारके पॉइंट कशाला? फॉल्स सीलिंग करून टाका, सोळा दिवे वरून लावतो. एकदम हॉटेलसारखं!" मी म्हटले, "बाबा, हॉटेलात दोन तास बसायचं असतं, घरात जन्म काढायचा आहे." छतातून खाली पाहणारे ते गोल दिवे शेजारच्या नव्या इमारतीत घरोघरी आहेत. उभ्या माणसाला ते छान वाटतात. पण पलंगावर नाहीतर सोफ्यावर मान मागे टाकली की प्रत्येक दिवा सरळ डोळ्यांत! शिवाय नेमका डोक्यावरून आलेला उजेड चेहऱ्यावर वाईट पडतो. डोळ्यांखाली खळगे, नाकाखाली सावली. चांगली हसरी माणसे त्यात दमलेली, रागावलेली दिसतात. न्हाणीघरातल्या आरशावर एकच दिवा वर लावलेला असतो, त्याचीही हीच गत. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, दोन लहान दिवे लावून पाहा. दाढी करणारे आणि कुंकू लावणारे, दोघेही दुवा देतील.

दिवाणखान्याला एकच मोठा उजेड लागतो ही समजूत सोडली की काम सोपे होते. रिचर्ड केली नावाच्या अमेरिकन प्रकाशतज्ज्ञाने १९५२ साली उजेडाचे तीन प्रकार सांगितले होते. एक, जिथे लक्ष जावे तिथे एकवटलेला. दुसरा, सगळीकडे मंद पसरलेला. तिसरा, नुसती चमचम, म्हणजे पितळेवर, काचेवर खेळणारा. आपल्या ट्यूबपाशी दुसराच तेवढा आहे, आणि तोही मंद नव्हे. म्हणून कोपऱ्यात उंच पायाचा एक दिवा ठेवा आणि त्याचे तोंड भिंतीकडे नाहीतर छताकडे करा. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची भिंत तिच्यावर पडलेला बराचसा उजेड परत फेकते. ती भिंतच मग दिवा होते. खोली मोठी वाटते, ती यामुळे. गडद रंगाची भिंत हाच उजेड गिळून टाकते, तेव्हा रंग निवडतानाच याचा विचार करा. जिथे कोणी वाचीत किंवा शिवीत बसते तिथे दुसरा दिवा. तिसरा टीव्हीच्या मागे, अगदी लहान. काळोखात झगमगता पडदा पाहून डोळे शिणतात ते त्याने पुष्कळ थांबते.

जेवणाच्या टेबलावर टांगता दिवा असावा असे माझे ठाम मत आहे. टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण अडीच फुटांवर त्याची खालची कड यावी. मग तो समोरच्या माणसाला झाकीतही नाही आणि डोळ्यांतही जात नाही. महागडी शेड लागत नाही. आमची शेड म्हणजे बुरुडाकडून आणलेली बांबूची टोपली, पालथी घातलेली. बुडाला भोक पाडून होल्डर बसवला. हे पूर्वीच्या १०० वॅटच्या बल्बला करता आले नसते. टोपली करपली असती. एलईडी त्या मानाने पुष्कळच थंड. तरीही त्याच्या बुडाशी उष्णता होतेच, आणि ती अडकली की दिवा लवकर मरतो. तेव्हा टोपली सैल विणीची घ्या आणि बल्ब चारी बाजूंनी कोंडू नका. दिवा वायरवर लोंबकळत ठेवू नका. छतातल्या हुकाचा भार साखळीने घ्यावा. गंमत अशी की हा दिवा लावल्यापासून आमच्याकडे जेवणे लांबली. बाकीची खोली मंद आणि ताटांवर उजेड, मग कोणी लवकर उठत नाही. मोबाइलसुद्धा, अगदी गेले म्हणत नाही, पण थोडे लांब सरकले आहेत.

अभ्यासाच्या टेबलावर दिवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून आणि डावखुऱ्याला उजवीकडून हवा, म्हणजे लिहित्या हाताची सावली अक्षरावर येत नाही. मात्र बाकीची खोली काळीकुट्ट करून एकाच झोतात मुलाला बसवू नये. पानावरून मान वर केली की डोळ्यांना प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि ते थकतात. कोपऱ्यातला दुसरा मंद दिवा चालू असू द्या.

आता दुकानात जाऊन मागायचे काय? पूर्वी एक बरे होते. ४०, ६०, १०० वॅट म्हटले की उजेड कळत असे. आता वॅट म्हणजे फक्त विजेचा खर्च. उजेडाचे माप ल्युमेन. ६० वॅटचा जुना बल्ब सातशे-आठशे ल्युमेन देई, तेवढा उजेड आता ९ वॅटचा एलईडी देतो. हा चमत्कार जपानी शास्त्रज्ञांचा. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी करून दाखवला, म्हणून त्यांना २०१४ साली नोबेल मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे बहुधा आत निळा दिवा आणि त्यावर पिवळट प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत असे ३६ कोटींहून अधिक बल्ब स्वस्तात घरोघर गेले आणि विजेची मोठी बचत झाली. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त खोक्यावर आणखी एक आकडा असतो, तो वाचावा. २७०० किंवा ३००० के लिहिलेला दिवा पिवळसर, कंदिलाच्या जवळचा. ६५०० के लिहिलेला निळसर पांढरा, भर दुपारच्या ढगाळ आभाळासारखा. दुकानदार आपण होऊन हाच दुसरा हातात ठेवतो, कारण दुकानात तो जास्त 'लख्ख' दिसतो!

निळसर उजेड वाईट नव्हे. तो दिवसाचा आहे. आपल्या डोळ्यांत नुसते पाहण्याखेरीज दिवस की रात्र हे मेंदूला कळवणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, हे या शतकाच्या सुरुवातीला कळले, आणि त्या पेशी निळ्या उजेडाने जास्त जाग्या होतात. रात्री दहा वाजता निजायच्या खोलीत ६५०० के चा उजेड पाडायचा आणि मग झोप येत नाही म्हणून दूध-जायफळ घ्यायचे, हा उलटा व्यवहार आहे. निजायच्या आणि बसायच्या खोलीत पिवळसर घ्या. ओट्यावर आणि अभ्यासाला ४००० के चा मधला चालतो.

बायकांसाठी आणखी एक खूण. खोक्यावर 'सीआरआय' असे असते. रंग किती खरे दिसतील त्याचा तो आकडा, शंभरपैकी. ८० सामान्य, ९० च्या पुढे उत्तम. पूर्वी आई दुकानात साडी घडीतून काढून थेट दाराशी उजेडात नेऊन बघत असे, ती याच कारणाने. स्वस्त दिव्याखाली टोमॅटो फिके आणि माणसे पिवळी दिसतात. दुसरी खूण: दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे रोखा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे. आपल्याला कळत नाही, पण काही जणांचे डोके दुखते ते त्यानेच. तो परत करावा.

ज्यांचे घर भाड्याचे आहे त्यांनी निराश व्हायचे कारण नाही. यातले निम्मे दिवे भिंतीला भोक न पाडता, साध्या प्लगवर चालतात. घर बदलले की ते पिशवीत घालून बरोबर न्यावेत, जसे आपले आजोबा कंदील नेत.

रात्रीचे मात्र विसरू नका. म्हातारी माणसे पडतात ती बहुधा न्हाणीघराच्या वाटेवर, आणि कित्येकदा मोठा दिवा लावल्यामुळे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम ट्यूब आली की क्षणभर काहीच दिसत नाही, आणि पाऊल तर पुढे पडलेले असते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अर्ध्या वॅटचे दोन-तीन पिवळे दिवे लावावेत. उंबरा आणि पायपुसणे दिसले म्हणजे पुरे. माणूस आल्यावर आपोआप लागणारेही मिळतात. पण आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे ते रात्रभर लागत-विझत राहिले आणि शेवटी काढावे लागले.

देवघराच्या बाबतीत माझे म्हणणे कित्येकांना रुचणार नाही. तिथली ती पळती, रंग बदलणारी माळ काढून ठेवा. समईला भोवती थोडा काळोख लागतो. तिच्या पाच वाती ट्यूबखाली दिसतच नाहीत. तिन्हीसांजेला दिवे लावायच्या वेळी दहा मिनिटे मोठा दिवा बंद ठेवून पाहा. पितळेवर, देवाच्या डोळ्यांवर जी चमक खेळते ती केलीसाहेबांची तिसरी जात. आमची चार वर्षांची नात त्या वेळी आपण होऊन हळू बोलते. तिला कोणी सांगितलेले नाही.

मग घरातल्या ट्यूबा काढून टाकल्या की काय? छे! आमचे 'हे' काढू देतील तर ना. केर काढायला, सुईत दोरा ओवायला, सोफ्याखाली गेलेला चष्मा शोधायला आणि पत्ते पिसताना कोण लबाडी करतो ते पाहायला ती हवीच. परवा नात विचारीत होती की एखाद्याची ट्यूब उशिरा पेटली असे का म्हणतात? तिने स्टार्टरवाली, तीन-चारदा फडफडून लागणारी ट्यूब पाहिलेलीच नाही. शब्द राहिला, वस्तू गेली.

राहिला आकाशकंदील. खरे म्हणजे सगळ्या घरातला सर्वांत शहाणा दिवा तो. बल्ब कोणाला दिसत नाही. दिसतो तो कागद, त्याचा रंग, त्याच्या झिरमिळ्या. तो घरी करणार असाल तर पिवळसर ५ वॅटचा बल्ब पुष्कळ झाला. होल्डर मधोमध आणा, कागदापासून सगळीकडे चार बोटे तरी लांब, नाहीतर एका बाजूला पांढरा डाग पडतो. वरचे तोंड उघडे ठेवा, पण अवकाळी पावसाचा भरवसा नाही, तेव्हा वर बोटभर अंतर सोडून प्लॅस्टिकची टोपी बांधा. वायरचा जोड बाहेर, गॅलरीत उघड्यावर येऊ देऊ नका. यंदा आमच्याकडे कागदाचा नाही, खणाचा केला आहे. सासूबाईंच्या एका विरलेल्या इरकलीचे काठ त्याला खालून लावले. कापड जाड निघाले, म्हणून ५ वॅटचा काढून त्यात ९ वॅटचा घालावा लागला.